जेट बोटीचा पंप व सुकाणू यंत्रणा

जेट बोट ही नौकेच्या तळातून पाणी आत ओढून ते मागील बाजूने जोरदार झोताच्या रूपात बाहेर फेकणारी आणि त्या झोताच्या प्रतिक्रियेने पुढे सरकणारी नौका आहे. नेहमीच्या यांत्रिक नौकेत पाण्यात उघडा फिरणारा पंखा (प्रोपेलर) आणि स्वतंत्र सुकाणू असते. जेट बोटीत ही दोन्ही कामे पंप आणि त्याच्या टोकाचे फिरते झोतमुख (नोझल) करतात. त्यामुळे पंपात केलेला कोणताही बदल केवळ वेगावर नव्हे, तर नौकेच्या वळण्यावर व थांबण्यावरही परिणाम करतो. प्रस्तुत लेखात जेट बोटीच्या पंपाची व सुकाणूची रचना, त्यांत करण्यात येणारे बदल, जुळणीची पद्धत आणि सुरक्षितता यांची माहिती दिली आहे.

इतिहास

पाण्याच्या झोताने नौका चालवण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये १६६१ साली टूगुड व हेज यांना अशा रचनेचे एकस्व (पेटंट) मिळाले होते. अमेरिकेत जेम्स रम्सी यांनी १७८७ साली पोटोमॅक नदीवर वाफेच्या पंपाने झोत निर्माण करून नौका चालवून दाखवली. तथापि त्या काळच्या पंपांची कार्यक्षमता कमी असल्याने ही पद्धत मागे पडली.

आधुनिक जेट बोटीचे श्रेय न्यूझीलंडचे विल्यम हॅमिल्टन (१८९९–१९७८) यांना दिले जाते. त्यांच्या मेंढपाळीच्या प्रदेशातील नद्या उथळ, वेगवान व गोट्यांनी भरलेल्या होत्या आणि तेथे पंखा टिकत नसे. १९५४ च्या सुमारास त्यांनी पंपावर चालणारी नौका तयार केली. सुरुवातीला झोत नौकेच्या तळाखाली, पाण्यातच सोडला जात होता. तो पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, हवेत सोडल्यावर नौकेचा वेग लक्षणीय वाढला आणि तळाखाली लोंबणारा भागही उरला नाही. १९६० साली अशाच नौका अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या घळीतून प्रवाहाविरुद्ध नेण्यात आल्या.

अमेरिकेत जेट पंप बनवणाऱ्या बर्कले आणि जकूझी या कंपन्या मुळात शेतीचे पंप बनवणाऱ्या होत्या. जेट बोटीचा पंप आणि विहिरीवरचा पंप यांचे नाते किती जवळचे आहे, हे यावरून ध्यानात येते.

भारतीयांना या नौकांची ओळख प्रामुख्याने १९७७ सालच्या ‘ओशन टू स्काय’ मोहिमेमुळे झाली. एव्हरेस्टवीर सर एडमंड हिलरी यांच्या नेतृत्वाखाली तीन जेट बोटी गंगेच्या मुखापासून प्रवाहाविरुद्ध हिमालयाकडे निघाल्या. विल्यम हॅमिल्टन यांचे पुत्र जॉन हॅमिल्टन हेही या मोहिमेत होते. नंदप्रयागाजवळील धबधब्याने नौकांची वाट अडवली आणि पुढील प्रवास पायी झाला.

कार्यतत्त्व

जेट बोटीला मिळणारा रेटा हा दर सेकंदाला फेकल्या जाणाऱ्या पाण्याचे वस्तुमान आणि त्या पाण्याच्या वेगात पडलेली भर यांच्या गुणाकाराइतका असतो. उदाहरणार्थ, एखादा पंप दर सेकंदाला २०० लिटर (सुमारे २०० किलोग्रॅम) पाणी २५ मीटर प्रतिसेकंद वेगाने फेकत असेल, तर नौका स्थिर असताना रेटा २०० × २५ = ५,००० न्यूटन, म्हणजे सुमारे ५१० किलोग्रॅम भाराइतका होतो. तीच नौका १५ मीटर प्रतिसेकंद (ताशी ५४ किलोमीटर) वेगाने धावत असेल, तर पाण्याच्या वेगात पडणारी भर फक्त १० मीटर प्रतिसेकंद उरते आणि रेटा २,००० न्यूटनवर येतो. या उदाहरणात अंतर्ग्रहणातील फायदे-तोटे सोयीसाठी वगळले आहेत.

झोत व नौका यांच्या वेगांतील फरक जितका मोठा, तितकी ऊर्जा मागे राहिलेल्या पाण्यात वाया जाते. वरील उदाहरणात झोताची आदर्श कार्यक्षमता ७५ टक्के येते. म्हणून कमी वेगाच्या, जड नौकेस जास्त पाणी व मंद झोत लाभतो, तर हलक्या, वेगवान नौकेस कमी पाणी व तीव्र झोत मानवतो. पंपातील सर्व बदलांच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

पंपाचे भाग

- अंतर्ग्रहण मुख : नौकेच्या तळाशी असलेले पाणी ओढण्याचे तोंड. दगड, फांद्या आत जाऊ नयेत म्हणून त्यावर गजांची जाळी असते.
- इम्पेलर : इंजिनाच्या दांड्यावर फिरणारे, पात्यांचे चाक. ते पाण्याला दाब व गती देते. पाणी दांड्याच्या दिशेने सरळ मागे ढकलणारा तो अक्षीय, आणि तिरकस बाहेर फेकणारा तो मिश्रप्रवाही इम्पेलर होय.
- घसारा कडे (वेअर रिंग) : इम्पेलरभोवतीचे बदलता येणारे कडे. इम्पेलर व कडे यांच्यातील फट मिलिमीटरच्या अंशात असते.
- बाउल : इम्पेलरमागील स्थिर पात्यांचे आवरण. गरगर फिरत येणारे पाणी ते सरळ करते.
- झोतमुख : निमुळते तोंड. येथे पाण्याच्या दाबाचे वेगात रूपांतर होते.
- थ्रस्ट बेअरिंग : इम्पेलरवरील पाण्याची प्रतिक्रिया दांड्यावरून नौकेच्या सांगाड्याकडे पोहोचवणारे बेअरिंग.
- उलट चालीची बकेट : झोतासमोर खाली येऊन त्याला पुढच्या दिशेने वळवणारे झाकण.

पंपातील बदल

इम्पेलरची निवड

पंपाच्या नियमांनुसार पाण्याचे प्रमाण फेऱ्यांच्या सम प्रमाणात, दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. यातील तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. एखादे इंजिन पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला ३,८०० फेरे घेत असेल आणि त्याच इम्पेलरवर ४,२०० फेरे हवे असतील, तर सुमारे ३५ टक्के अधिक शक्ती लागते. किरकोळ दुरुस्तीतून एवढी शक्ती मिळत नाही. म्हणून इंजिनाची सर्वाधिक शक्ती ज्या फेऱ्यांवर मिळते, त्या फेऱ्यांवर ती शक्ती नेमकी शोषून घेईल असा इम्पेलर निवडतात.

मिश्रप्रवाही इम्पेलरचा बाहेरील व्यास लेथवर कमी करून त्याचा भार हलका करता येतो. सिंचनाच्या पंपांबाबत हीच पद्धत पंप कारागिरांच्या परिचयाची आहे. अक्षीय इम्पेलरमध्ये पात्यांचा तिरकसपणा (पिच) बदलतात. कमी पिचवर इंजिन लवकर फेरे घेते व नौका चटकन उठते, जास्त पिचवर सर्वोच्च वेग वाढतो; मात्र इंजिनात तेवढी ताकद हवी. छाटलेला इम्पेलर पुन्हा मोठा करता येत नाही, त्यामुळे छाटणी टप्प्याटप्प्याने करतात आणि प्रत्येक वेळी समतोल (बॅलन्सिंग) तपासतात.

हवामानाचाही या निवडीवर परिणाम होतो. २५ अंश सेल्सिअसच्या तुलनेत ४५ अंशांवर हवेची घनता सुमारे ६ टक्क्यांनी कमी असते. टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनाची शक्तीही साधारण तितकीच घटते. घन-नियमानुसार फेरे सुमारे २ टक्क्यांनी उतरतात. म्हणजे हिवाळ्यात ४,००० फेरे देणारी जुळणी विदर्भाच्या मे महिन्यात ३,९०० च्या आसपास थांबल्यास तो पंपाचा दोष मानू नये.

घसारा कड्याची फट

फट वाढली की दाबाखालचे पाणी परत पुढच्या बाजूस गळते. इंजिन फेरे घेते, पण नौका त्या प्रमाणात पळत नाही. वाळूमिश्रित पाण्यात ही झीज झपाट्याने होते. फिलर गेजने चार ठिकाणी फट मोजतात. एका बाजूस कमी व दुसऱ्या बाजूस जास्त आढळल्यास कडे बदलण्यापूर्वी बेअरिंग व दांड्याची सरळता पाहणे आवश्यक ठरते, अन्यथा नवे कडेही एकाच बाजूने झिजते. पंपाची गेलेली ताकद परत मिळवण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. म्हणून इतर कोणत्याही बदलाआधी तो करणे श्रेयस्कर मानले जाते.

झोतमुखाचा व्यास

वरील उदाहरणात २०० लिटर पाणी २५ मीटर प्रतिसेकंद वेगाने जाण्यास ८० चौरस सेंटिमीटर छेद, म्हणजे सुमारे १०.१ सेंटिमीटर व्यासाचे तोंड लागते. तोंड लहान केल्यास झोत तीव्र होतो पण पाणी कमी होते. हलक्या नौकेचा सर्वोच्च वेग काहीसा वाढतो, मात्र भरलेली नौका पाण्यावर उचलली जाण्यास उशीर लागतो. बचावकार्य किंवा प्रवासी वाहतुकीच्या नौकेत मोठे तोंड अधिक उपयुक्त ठरते. व्यास बदलण्यासाठी बदलता येणारी कडी वापरल्यास मूळ स्थितीकडे परतणे सोपे जाते.

अंतर्ग्रहण

पंपाला पाणी अखंड व बुडबुड्यांविना मिळाले पाहिजे. अंतर्ग्रहणाची कडा आणि नौकेचा तळ यांमध्ये पायरी किंवा फट असल्यास तेथून हवा शिरते. मुखासमोरील तळावरील उंच पट्ट्याही हवा पंपात नेतात, म्हणून मध्यभागीच्या पट्ट्या मुखाच्या बऱ्याच आधी संपवतात. जाळीचे गज फार जवळ असतील तर पाणी अडते, आणि दूर असतील तर दगड आत जातात.

येथे दोन वेगळे दोष ओळखावे लागतात. हवा आत शिरल्यास इंजिनाचे फेरे एकाएकी उसळतात आणि लाटांवर किंवा वळणावर हे विशेषतः जाणवते. कॅव्हिटेशनमध्ये बाहेरची हवा नसते. दाब फार कमी झाल्याने पाण्याचीच वाफ होऊन बुडबुडे बनतात आणि ते पात्यांवर फुटून धातूला बारीक खड्डे पाडतात. खडे खळखळल्यासारखा आवाज हे त्याचे लक्षण होय. मुख अर्धवट तुंबणे, पात्यांच्या कडा बोथट होणे अथवा स्थिर नौकेत एकदम पूर्ण थ्रॉटल देणे ही त्याची सामान्य कारणे आहेत.

सुकाणू

दिशा बदलणे

जेट बोटीत झोतमुख डावीकडे-उजवीकडे वळवून दिशा बदलतात. चालकाच्या चाकापासून झोतमुखापर्यंत ढकल-ओढ केबल किंवा हायड्रॉलिक नळी असते. जुळणी करताना पुढील बाबी पाहिल्या जातात.

१. चाक मध्यावर असताना झोतमुख नौकेच्या मध्यरेषेत असावे.
२. दोन्ही बाजूंस वळणाचा कोन समान असावा. फरक असल्यास केबलच्या टोकाची लांबी बदलून तो काढतात.
३. केबलला तीव्र वाकण नसावे. अशा वाकणाने चाक जड होते व केबल आतून झिजते.
४. सांध्यांत ढिलाई नसावी. कंपनाने नट सैल होतात, म्हणून लॉकनट व स्प्लिट पिन दोन्ही वापरणे इष्ट.
५. बकेट वर-खाली होताना सुकाणूच्या केबलला अडथळा होऊ नये.

वेगवान नौका सरळ धावताना एका बाजूस ओढत असल्यास त्याचे कारण सुकाणूतच असेल असे नाही. बाउलमधील पात्यांची मोडतोड, तळाखालच्या पट्टीचे वाकणे किंवा भाराची असमान विभागणी हीही कारणे संभवतात.

झोताचा उभा कोन

काही पंपांत झोतमुख वर-खालीही करता येते. झोत किंचित वर वळवल्यास नौकेचे नाक उचलले जाते, पाण्याचा स्पर्श कमी होतो व वेग वाढतो. कोन जास्त झाल्यास नौका पुढे-मागे लयीत उसळू लागते व अंतर्ग्रहण पाण्याबाहेर येण्याची शक्यता निर्माण होते. वळण घेताना आणि लाटांमध्ये झोत खाली ठेवून नाक पाण्यात धरतात.

उलट चाल व थांबणे

जेट बोटीत सहसा गिअरपेटी नसते. इंजिन चालू असेल तोवर पंप फिरत राहतो. बकेट अर्धवट उतरवून झोताचे दोन भाग केल्यास नौका जागच्या जागी राहते आणि पूर्ण उतरवल्यास मागे येते. उलट चालीत काही रचनांमध्ये सुकाणूचा परिणाम विरुद्ध जाणवतो. त्यामुळे नव्या चालकास मोकळ्या पाण्यात सराव देणे गरजेचे असते.

थ्रॉटल सोडल्यावर सुकाणू निकामी होणे

जेट बोटीचा सर्वांत गंभीर गुणधर्म हा की झोत नसेल तर सुकाणूही नसते. समोर अडथळा दिसताच माणूस सहजप्रेरणेने थ्रॉटल सोडतो, झोत थांबतो आणि नौका चाक कितीही फिरवले तरी जवळजवळ सरळच जात राहते. योग्य कृती म्हणजे काही प्रमाणात थ्रॉटल कायम ठेवून वळणे. पंपातून अधिक वेग मिळवणारा प्रत्येक बदल हा धोका वाढवतो, कारण तेवढ्याच वेळात नौका अधिक अंतर कापते. ताशी ५४ किलोमीटरने जाणारी नौका दोन सेकंदांत ३० मीटर जाते. काही उत्पादक झोतमुखाच्या दोन्ही बाजूंस लहान पाती बसवून झोताविना थोडे वळण शक्य करतात.

जुळणीचा क्रम व चाचणी

जुळणी करताना प्रथम झीज व गळती दूर करतात, मग सुकाणू निर्दोष करतात आणि शेवटी वेगासाठीचे बदल हाती घेतात. एका वेळी एकच बदल केला तरच त्याचा परिणाम कळतो. प्रत्येक चाचणीत माणसांची संख्या, इंधन, हवेचे तापमान, इंजिनाचे फेरे व जीपीएसवरील वेग यांची नोंद ठेवतात. वारा व प्रवाह यांचा परिणाम वजा व्हावा म्हणून एकाच पट्ट्यात दोन्ही दिशांनी धावून सरासरी काढतात.

फेरे वाढले व वेग तसाच राहिला, तर गळती किंवा हवा शिरणे संभवते. फेरे घटले व वेगही घटला, तर इम्पेलर जड आहे किंवा इंजिन कमजोर आहे. दोन्ही पूर्ववत असून चाक जड झाले असल्यास केबल तपासावी.

सुरक्षितता

बदल केलेल्या नौकेची चाचणी कोठे घ्यावी हा प्रश्न मुंबईतील एका दुर्घटनेने ऐरणीवर आणला. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची एक वेगवान नौका नियंत्रण सुटून घारापुरीकडे (एलिफंटा) निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. प्रवासी व नौदल कर्मचारी मिळून दहापेक्षा अधिक जणांचा त्यात मृत्यू झाला. इंजिनातील बिघाडामुळे नियंत्रण सुटल्याचे नौदलाने सांगितले. प्रणोदनाचा प्रकार कोणताही असो, अपरीक्षित यंत्रणेची वेगवान चाचणी प्रवासी मार्गापासून दूर घेतली पाहिजे, हा धडा सर्वांना लागू होतो.

चाचणीपूर्वी पाळावयाचे किमान नियम असे :

- इंजिन बंद करणारी दोरी (किल कॉर्ड) चालकाच्या अंगाला बांधलेली असावी.
- नौकेतील प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घातलेले असावे.
- सुकाणूची संपूर्ण हालचाल व थ्रॉटलची केबल परत येणे हे दोन्ही इंजिन बंद असताना तपासावे.
- पहिली फेरी कमी वेगात, वळणे व उलट चालीसह घ्यावी.
- अंतर्ग्रहण साफ करताना इंजिन बंद करून चावी काढून घ्यावी. फिरत्या पंपाजवळ हात, केस, ओढणी, धोतर वा दोर नेऊ नये.

उघडा पंखा नसल्यामुळे पाण्यातील माणसास पात्याची इजा होण्याचा धोका जेट बोटीत बराच कमी असतो. त्यामुळे पूरबचावासाठी ती उपयुक्त मानतात. मात्र अंतर्ग्रहणाची ओढ व झोताचा मारा हे धोके राहतातच. तसेच अतिभार झाल्यास जेट बोट पाण्यावर उचलली जात नाही आणि तिची चपळता संपते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसलेली नाव उलटून अनेकांचा जीव गेला. कोणतीही यांत्रिक सुधारणा नौकेची भारक्षमता वाढवत नाही, हे अशा प्रसंगी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

भारतातील वापर

भारतीय तटरक्षक दलाच्या अनेक वेगवान गस्तीनौका जेट पंपावर चालतात. लार्सन अँड टुब्रो कंपनीने दलासाठी बांधलेल्या ५४ इंटरसेप्टर नौका याच प्रकारच्या आहेत. भारतीय नौदलाच्या कार निकोबार वर्गातील गस्तीनौकांमध्येही जेट पंप आहेत. नागरी वापरात गोवा व सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील वॉटर स्कूटर हे जेट प्रणोदनाचे सर्वांत परिचित रूप होय. तिचा पंप लहान असला तरी इम्पेलर, घसारा कडे, झोतमुख व सुकाणू यांची तत्त्वे तीच असतात.

गोसीखुर्द जलाशय व उमरेड परिसर

नागपूर जिल्ह्याच्या उमरेड, कुही व भिवापूर तालुक्यांलगत वैनगंगेवरील गोसीखुर्द (इंदिरा सागर) धरणाचा जलाशय पसरला आहे. या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. कुही तालुक्यातील अंभोरा येथे वैनगंगा, कन्हान, आम यांसह पाच नद्यांचा संगम मानला जातो. या जलाशयात जलपर्यटन विकसित करण्याचा प्रकल्प राज्य शासनाने हाती घेतला आहे.

अशा अंतर्देशीय जलाशयात जेट पंपाच्या अडचणी समुद्रापेक्षा वेगळ्या असतात. खारे पाणी नसल्याने गंज कमी लागतो. मात्र बुडालेल्या झाडांचे बुंधे, मासेमारीची जाळी आणि पाणवनस्पती यांचा त्रास असतो. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे याच जलाशयात येते. सांडपाण्यातील पोषकद्रव्यांवर जलपर्णीसारख्या वनस्पती फोफावतात आणि त्यांच्या मुळ्या व प्लॅस्टिकच्या पिशव्या जाळीत अडकून पंप तुंबवतात. पंप तुंबला म्हणजे रेटा गेला आणि त्याबरोबर सुकाणूही गेले. म्हणून येथील नौकेस पाण्याच्या पातळीवर उघडणारे सफाईचे झाकण, गज विंचरणारी यंत्रणा आणि वल्हे किंवा नांगर असणे ही चैन नसून गरज आहे.

उन्हाळ्यात पातळी उतरल्यावर काठ गाळाचे होतात. धावती जेट बोट फार थोड्या पाण्यावरून जाऊ शकते, परंतु थांबलेल्या स्थितीतून उथळ जागी जोर दिल्यास पंप तळची वाळू ओढतो. त्यामुळे काठावरून नौका वल्ह्याने खोल पाण्यात नेऊन मगच थ्रॉटल देण्याची पद्धत घसारा कड्याचे आयुष्य वाढवते.

जलाशयालगत उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य असल्याने त्याच्या हद्दीत यांत्रिक नौका चालवण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील निर्बंध लागू होतात.

कायदेशीर बाबी

अंतर्देशीय पाण्यातील यांत्रिक नौकांना अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू आहे. त्याने १९१७ चा जुना कायदा रद्द केला. नौकेचे सर्वेक्षण, नोंदणी व चालकाची पात्रता हे विषय या कायद्याच्या कक्षेत येतात. महाराष्ट्रात किनारपट्टी व बंदरांशी संबंधित बाबी महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते. इंजिन, पंप किंवा सुकाणू यांत मोठा बदल केल्यास ज्या स्थितीत नौकेचे सर्वेक्षण झाले ती स्थितीच बदलते. त्यामुळे प्रवासी वाहतुकीच्या नौकेबाबत असा बदल नोंदणी अधिकाऱ्यास कळवून फेरतपासणी करून घेणे हेच प्रवाशांच्या हिताचे असते.